आमची वाटचाल : छापखान्यातले शनिवार

शाळेत इतिहास आणि नागरिकशास्त्र एकाच पुस्तकात असायचं. नागरिकशास्त्र शेवटच्या पानांत. इतिहासाचा पोर्शन संपेपर्यंत परीक्षा दारात आलेली असायची आणि बाई म्हणायच्या, ‘उरलेलं घरी वाचा.’ आमच्याकडे येणाऱ्या विशीतल्या मुलामुलींनीही ती पानं तशीच सोडलेली असतात. पुस्तकाचे हे दोन भाग एकत्र बांधायचे, एवढंच आम्ही करतो.

गिरगावात आमच्या वडिलांचा छापखाना. लग्नपत्रिका, मंडळांच्या पावत्या, संस्थांचे अहवाल. पत्रिका मोबाइलवर जायला लागल्या आणि काम आटलं. जागा भाड्याने देणं सोपं होतं. पण वहिनी तेव्हा कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायची. ती म्हणायची, मुलं वर्गात गप्प असतात आणि कँटीनमध्ये त्याच विषयावर तासभर वाद घालतात. मग आपणच कँटीन काढू या, असं आम्ही नणंद-भावजयींनी ठरवलं. निम्म्या जागेत छपाई सुरू ठेवली, निम्म्या जागेत सतरंज्या टाकल्या. शनिवारी संध्याकाळी तिथे शहराच्या एकेका विषयावर तिकीट लावून गप्पांची बैठक भरते.

स्टेज नाही, प्रमुख पाहुणे नाहीत, शाल-श्रीफळ नाही. चहा आणि बटाटेवडा तिकिटातच. कुठल्याही पक्षाचा पैसा नाही, बॅनर नाही. ही शेवटची अट निवडणुकीच्या दिवसांत महाग पडते, पण ती मोडली तर मुलं मोकळेपणी बोलणार नाहीत, आणि मग उरलेल्या सगळ्याला काही अर्थ नाही.

सर्वांत जास्त गर्दी होते ती पाण्याच्या संध्याकाळी. सुरुवातीला एकच प्रश्न विचारतो : तुमच्याकडे पाणी किती वाजता येतं? कुणाकडे पहाटे तासभर, कुणाकडे संध्याकाळी. टॉवरमध्ये राहणाऱ्यांना वेळच माहीत नसते आणि वस्तीतली मुलगी सांगते की तिची आई त्यासाठी साडेतीनला उठते. इथून पुढे इतिहास सांगावा लागत नाही, मुलंच मागतात. मग विहार तलाव येतो, 1860 च्या सुमारास पुरा झालेला. त्याआधी विहिरी आणि शहरातले तलाव, जे पुढे बुजवले गेले. 8 ऑगस्ट 1942 ला ‘चले जाव’ची सभा झाली ते गोवालिया टँक मैदान त्यातलंच. मग तुळशी, 1892 चा तानसा, स्वातंत्र्यानंतरचा मोडक सागर. मलबार हिलला हँगिंग गार्डनच्या खाली जलाशय आहे हे ऐकून गिरगावातलीच मुलं चकित होतात. लहानपणी समोरच्याच बागेतल्या म्हातारीच्या बुटात, त्या बुटाच्या आकाराच्या घरात, खेळलेली असतात.

एकदा शहापूरकडचा एक मुलगा आला होता. म्हणाला, धरणं आमच्या तालुक्यात आणि उन्हाळ्यात टँकर आमच्याच गावात. थोडा वेळ कुणी काही बोललं नाही. मग कुणीतरी विचारलं, हे ठरवतं कोण? बस, नागरिकशास्त्र सुरू! महापालिकेचं जलअभियंता खातं काय करतं, स्थायी समिती काय मंजूर करते, 227 नगरसेवकांमधला आपला कोण, मार्च 2022 मध्ये सभागृहाची मुदत संपून प्रशासक आला तेव्हा प्रश्न विचारायचा कुणाला. डिसेंबर 2014 चा मुंबई उच्च न्यायालयाचा निर्णय वहिनी वाचून दाखवते : झोपडी अनधिकृत असली तरी तिथे राहणाऱ्या माणसाला पाणी नाकारता येत नाही. त्या साडेतीनला उठणाऱ्या आईच्या मुलीने त्या कागदाचा फोटो काढून घेतला.

गिरणगावच्या संध्याकाळी आज्या येतात. 18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, हे आकडे मुलांना मोबाइलवरही सापडतात. संपात घर कसं चाललं, खानावळीचे किती डबे गेले, कुठला दागिना आधी मोडला, हे आजीच सांगते. लोअर परळच्या काचेच्या ऑफिसात बसणारी नातवंडं ऐकत असतात. त्यांना आम्ही नियम 58 समजावतो. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचे साधारण तीन वाटे होते : एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. 2001 मध्ये हा हिशोब फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या जमिनीला लावला गेला आणि सार्वजनिक वाटे आक्रसले. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. संप सगळ्यांना माहीत असतो, हा एका नियमातला बदल जवळपास कुणालाच नाही, आणि माझ्या मते आजचं परळ या दुसऱ्या गोष्टीने जास्त घडवलं. आता आमची काही मुलं असे नियम बदलण्याआधी निघणाऱ्या हरकती-सूचनांच्या नोटिसा शोधून वाचतात. एका मुलाने दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून आपल्या गल्लीतल्या मैदानाच्या आरक्षणाबद्दल माहिती अधिकारात माहिती मागवली आणि आलेलं उत्तर इथे सगळ्यांना वाचून दाखवलं.

तिकिटावर धंदा चालत नाही, हे स्पष्ट सांगते. कंपन्या त्यांच्या माणसांसाठी शहर दाखवणाऱ्या फेऱ्या ठरवतात, सोसायट्या आणि गणेशोत्सव मंडळं 1 मेला किंवा उत्सवात प्रश्नमंजूषा घेतात, छपाईचं थोडं काम अजून आहे. त्यावर शनिवारचं तिकीट विद्यार्थ्याला परवडेल असं ठेवता येतं. मतदार नोंदणीचा सहा नंबरचा फॉर्म भरायला आम्ही मदत करतो, त्याचे पैसे घेत नाही. सतरा पूर्ण झाल्यावर आगाऊ अर्ज करता येतो आणि अठरा पूर्ण धरायच्या तारखा आता वर्षातून चार आहेत, हे बऱ्याच आईवडिलांनाही ठाऊक नसतं.

येणाऱ्यांत निम्मी मुलं उपनगरांतली, साडेनऊ वाजले की लोकलसाठी चुळबुळ करणारी. म्हणून आता भांडुपला एका सोसायटीचा हॉल घेतला आहे. शहराचं पाणी शुद्ध करणारं मोठं केंद्र तिथेच आहे, तेव्हा पहिला शनिवार पाण्याचाच. शहापूरचा तो मुलगा त्या दिवशी प्रश्न विचारायला बसणार आहे.