कोंबडीच्या रक्तातील सूक्ष्मकेंद्रके मोजताना

जीवनसत्त्वांच्या अभावाने डीएनएची हानी होते का, हे पदव्युत्तर प्रबंधात पाहण्यासाठी मी दापोलीजवळच्या एका शेडमधील अंड्यांच्या कोंबड्या निवडल्या. परसातली गावठी कोंबडी उकिरडा उकरून आणि हिरवा पाला टिपून आहारातली बरीच उणीव भरून काढते. पिंजऱ्यातल्या कोंबडीला मात्र पोत्यातून येईल तेवढेच जीवनसत्त्व मिळते. शेडच्या मालकीणबाई मका, भाताचा कोंडा आणि सुक्या मासळीची भुकटी घरीच मिसळत असत. मासळीतून ब-१२ मिळते, पण पावसाळी दमट हवेत कोंडा आणि मासळी या दोहोंची चरबी खवट होते आणि त्या खवटपणात ई जीवनसत्त्व नष्ट होते.

"कोंबड्या अंडी देतायत ना, मग बिघडलंय काय?" असे या मालकीणकाकूंनी विचारले. प्रश्न रास्त होता, कारण ही हानी बाहेरून दिसत नाही. डीएनएमधील थायमिन हा घटक तयार होण्यासाठी फोलेट हे ब गटातले जीवनसत्त्व लागते. ते कमी पडले की त्या जागी युरॅसिल हा डीएनएत नको असलेला घटक बसतो. पेशी ते कापून काढते, दुरुस्तीत पुन्हा युरॅसिलच बसते आणि असे वारंवार घडता घडता साखळीच तुटते. ब-१२ अपुरे असेल तर शरीरात असलेले फोलेटही वापरता येत नाही. तुटलेला गुणसूत्राचा तुकडा पेशीविभाजनात मुख्य केंद्रकाबाहेर राहतो आणि त्याचे सूक्ष्मकेंद्रक बनते. माणसाच्या प्रौढ तांबड्या पेशीत केंद्रक नसते, कोंबडीच्या पेशीत असते. त्यामुळे मुख्य केंद्रक आणि त्याशेजारचा तुकडा एकाच पेशीत ताडून पाहता येतात, तेही पंखाखालच्या शिरेतील थेंबभर रक्तात.

संस्थेच्या समितीची परवानगी वेळेत मिळाली. खरी कसोटी काचपट्ट्यांची होती. हवेत ओल असली की रक्ताचा थर सावकाश सुकतो आणि पेशींचा आकार बिघडतो. पेशी पट्टीवर पक्क्या करणाऱ्या मिथेनॉलने ओल शोषली तर पेशींत चकाकणारे खोटे ठिपके उमटतात. पेशी रंगवण्याचा गिम्सा रंग गाळून घेतला नाही तर त्याचा कण हुबेहूब सूक्ष्मकेंद्रकासारखा दिसतो. म्हणून मुख्य केंद्रकापासून सुटा, त्याच्याच रंगाचा, त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून लहान आणि गोल असेल तोच ठिपका मी धरत असे. कोणती पट्टी कोणत्या कोंबडीची हे मोजणी संपेपर्यंत मला कळू नये, म्हणून त्यांवर केवळ सांकेतिक क्रमांक होते.

मार्गदर्शकांची शंका सर्वांत मोलाची ठरली. दमट मक्यावर बुरशी आली की अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होते आणि शरीरात रूपांतर झाल्यावर तेही डीएनएला चिकटते. मग दोष जीवनसत्त्वांच्या अभावाचा की बुरशीचा? त्यामुळे आम्ही तीन गट केले: जुने खाद्य, जीवनसत्त्वांचे मिश्रण घातलेले ताजे खाद्य आणि ताजे पण मिश्रणाविना खाद्य. कोंबडीची तांबडी पेशी सुमारे महिनाभर जगते, म्हणून खाद्य बदलल्यावर तेवढा काळ थांबूनच पुन्हा रक्त घेतले. जुन्या खाद्यावरच्या गटात सूक्ष्मकेंद्रके अधिक दिसली. ताज्या खाद्याच्या दोन गटांतला फरक मात्र इतका थोडा होता की, केवळ जीवनसत्त्वांच्या अभावाने ही हानी झाली असे प्रबंधात लिहिणे मला योग्य वाटले नाही. साठवणीत बिघडलेल्या खाद्याचा परिणाम, एवढाच निष्कर्ष मी नोंदवला.