रोटर खिशात

सोलापुरात सात रस्त्याला चहा घेत उभा असलो की दोन प्रश्न ठरलेले. पहिला, "ॲव्हरेज किती देते?" त्याचं उत्तर मी देत नाही, घरी कळेल म्हणून. दुसरा, "एवढी उघडी जीप, दार नाही, काच नाही, तशीच लावून जाता, कुणी नेत नाही का हो?" मित्र असेल तर 'का हो'च्या जागी 'का बे', एवढाच फरक. गेल्या आठवड्यात जुळे सोलापुरातला एक पोरगा भेटला. त्यानं जुनी फियाट घेतलीय, खाली बसवलीय, चाकं रुंद केलीत, रंग भडक दिलाय. तोही तेच विचारत होता, पण त्याच्या आवाजात काळजी होती. तुम्ही सगळ्यांनी विचारलंत म्हणून एकदाच नीट सांगून टाकतो.

आधी गाडीबद्दल. महिंद्राची सीजे-थ्रीबी, उंच बॉनेटवाली, पेट्रोलवर चालणारं हरिकेन इंजिन. मामांनी मोहोळकडच्या रानात वापरून झाल्यावर माझ्या गळ्यात पडली. रुंद टायर, मागं रोल बार आणि पुढची काच आडवी पाडलेली, एवढेच माझे उद्योग. १९३० आणि ४० च्या दशकांत कॅलिफोर्नियातली पोरं जुन्या फोर्ड गाड्यांचे मडगार्ड नि टप काढून, इंजिन फुगवून पळवायची. १९३२ ची व्ही-एट फोर्ड त्यांची लाडकी. त्याला हॉट रॉड म्हणतात. माझी जीप म्हणजे त्याची सोलापूरच्या खिशाला परवडणारी आवृत्ती. इंजिन आणि चासी मात्र मी बदललेली नाही, त्याचं कारण पुढं येईल.

आता मुद्दा. गाडी चोरायची तर चोराला तीन कामं करावी लागतात. आत शिरायचं, चालू करायची आणि न्यायची. जीपमध्ये पहिलं काम मुळात कामच नाही. टांग टाकली की झालं. म्हणून मी पहिल्या कामावर एक रुपया घालवत नाही. लोक कापडी हूडला चेन लावतात, त्या हूडला एक ब्लेड पुरतं, आणि वर शिलाईचा खर्च आपल्यालाच. फियाटवाल्याचं थोडं वेगळं आहे. त्याच्या गाडीच्या पुढच्या दारातली तिकोनी काच ही खरी चोरवाट. तिची कडी झिजली की बाहेरून ढकलून हात आत घालता येतो. ती कडी आधी बदल, मग अलार्मचं बघ, असं मी त्याला सांगितलं.

दुसरं काम चालू करण्याचं. माझ्या जीपच्या चावीची गोष्ट अशी, की स्विच इतका झिजलाय की आईसफ्रूटच्या काडीनंही तो फिरतो. मी फिरवून पाहिलाय. स्टिअरिंग लॉक हा प्रकार तर जुन्या गाड्यांना ठाऊकच नाही. अमेरिकेतसुद्धा नव्या मोटारींना तशी सोय सक्तीची झाली ती १९७० सालापासून. दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी बनलेल्या बऱ्याच विलीज जीपना तर चावीच नव्हती. लढाईत चावी शोधत कोण बसणार? नुसता खटका फिरवायचा आणि निघायचं. मग त्या चोरीला जात, तेव्हा सैनिक स्टिअरिंगला साखळी नि कुलूप घालत, नाहीतर इंजिनाला ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरमधला रोटर काढून खिशात टाकत. इंग्लंडमध्ये १९४० साली जर्मन उतरतील या धास्तीनं उभी गाडी निकामी करून ठेवण्याची सक्तीच होती, आणि त्यासाठीही लोक हीच युक्ती वापरत.

मला ती अशोक चौकाकडच्या एका उस्तादानं शिकवली. डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीखाली बोटाच्या पेराएवढा एक तुकडा फिरत असतो. कॉइल ठिणगीसाठी करंटचा दाब वाढवते, आणि तिच्याकडून आलेला करंट तो एकेका प्लगला वाटून देतो. तो नसला तर स्टार्टर फिरेल, इंजिन घुमेल, पण ठिणगी प्लगपर्यंत जाणारच नाही. जीपचं बॉनेट बाहेरूनच उघडतं, दोन बाजूंना दोन खटके. चोराला सोपं तसं मलाही सोपं. टोपीच्या दोन क्लिपा सोडायच्या, रोटर काढायचा, टोपी परत बसवायची. अर्ध्या मिनिटाचं काम. उन्हाळ्यात त्रेचाळीस डिग्रीला तापलेल्या इंजिनात हात घालताना शिव्या येतात, तेवढं चालायचंच. एकदा तो पँटच्या खिशात राहिला आणि पँट धुण्यात गेली. मी दुसऱ्या पँटवर जीप ढकलत बसलो, पेट्रोल येत नसेल म्हणून कार्बोरेटर खोलला, आणि दोरीवरच्या पँटमधून बायकोनं तो आणून दिला. तेव्हापासून रोटरला लाल दोरा बांधून किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवतो.

लपवलेल्या स्विचबद्दल बरेच जण विचारतात. इथं एक बारकावा आहे जो वायरमनसुद्धा बऱ्याचदा चुकवतो. साधारणपणे कॉइलला येणारी सप्लायची वायर तोडून मध्ये स्विच टाकतात. पण जुन्या गाडीचा चोर किल्लीच्या नादाला लागतच नाही. तो बॅटरीवरून कॉइलवर एक वायर टाकतो आणि गाडी 'डायरेक्ट' करतो. तुमचा लपवलेला स्विच बाजूलाच राहिला. त्यापेक्षा कॉइलकडून पॉइंटकडे, म्हणजे डिस्ट्रिब्यूटरमधल्या करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या खटक्याकडे, जाणारी जी वायर आहे, तिच्यावरून एक फाटा स्विचमार्गे बॉडीला अर्थ करायचा. स्विच लावला की पॉइंट उघडोत किंवा न उघडोत, करंट अर्थमधून वाहतच राहतो, तुटत नाही. करंट तुटल्याशिवाय ठिणगी पडत नाही. मग त्यानं बॅटरीवरून थेट वायर टाकली तरी इंजिन नुसतं घुमतं, आणि त्याला वाटतं गाडीच बिघडलेली आहे. मात्र हा स्विच लावून आपणच किल्ली ऑन ठेवली तर कॉइल तापून जाईल. पेट्रोल कॉक बंद करून जाणारेही आहेत. त्यात गाडी कार्बोरेटरमधल्या पेट्रोलवर थोडी पळते आणि मग भर चौकात बंद पडते. चोराची अशी फजिती मला आवडते, पण आपली गाडी ट्रकच्या वाटेत उभी राहणार हे काही पटत नाही.

इतकं सगळं करून माझी जीप एकदा गेलीच होती.

सात-आठ वर्षं झाली असतील. होटगी रोडला लग्न होतं. जेवणं उरकून साडेदहाला बाहेर आलो तर जीपच्या जागी नुसता तेलाचा डाग. पोटात गोळा येणं म्हणजे काय ते तेव्हा कळलं. दोन गल्ल्या पलीकडे, गटारीला एक चाक लावून उभी असलेली सापडली. बॉनेटचे खटके उघडे, कॉइलवर एक परकी लाल वायर लोंबत होती. म्हणजे ढकलत नेली, आडोशाला डायरेक्ट केली, घुमवून घुमवून बॅटरी उतरवली आणि कंटाळले. रोटर माझ्या खिशात होता. पण मोकळ्या हातानं कोण जातंय? स्टेपनी, जॅक आणि मागच्या सीटवरची सोलापुरी चादर घेऊन गेले. चादर नवी होती.

त्या रात्री कळलं ते असं, की माझं सगळं लक्ष दुसऱ्या कामावर होतं आणि तिसरं मोकळंच सोडलं होतं. गाडी न्यायला चालू करावी लागतेच असं नाही. जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो, ट्रान्स्फर केसच्या, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या डब्याच्या मागं, शाफ्टवर असतो. तो तेलकट झाला की नावालाच उरतो. पहिला गिअर टाकून ठेवला तरी ट्रान्स्फरची काडी न्यूट्रलला ओढली की चारी चाकं मोकळी. दोन माणसं आणि थोडा उतार, बास. आता मी स्टिअरिंगच्या आऱ्यातून साखळी घेतो आणि फ्लोअरला वेल्ड केलेल्या कडीत कुलूप घालतो. थोडक्यात, सैनिकांचाच उपाय. चाकं पूर्ण एका बाजूला वळवून मगच कुलूप. अशी गाडी ढकलली तर गोल फिरते, गल्लीबाहेर जात नाही. रात्रभर लावायची असेल तर पुढच्या चाकातून दुसरी साखळी घेऊन खांबाला. साखळी कडक पोलादाची हवी. मंडईत किलोवर मिळणारी साखळी कटरपुढं दोन मिनिटंही दम काढत नाही.

टोचन करून नेण्याला मात्र मला खात्रीचा उपाय सापडलेला नाही. दिवसाढवळ्या एखादी जुनी गाडी पिकअपच्या मागं दोरीनं ओढत न्या. कुणी अडवणार तर नाहीच, उलट वळताना मागचं ट्रॅफिक थांबवून देतील. जुनी गाडी म्हणजे बंद पडलेली, हे लोकांनी धरूनच ठेवलेलं असतं. म्हणून मी लावतानाच जागा बघतो. भिंतीला नाक, मागं दुसरी गाडी, आणि समोर ज्याचं दुकान रात्री उशिरापर्यंत उघडं असतं असा कुणी. सात रस्त्याचा चहावाला माझा निम्मा विमा आहे. त्याला मी पैसे देत नाही. चहा तिथंच पितो, आणि कधीमधी त्याच्या पोराला जीपमधून कंबर तलावाला चक्कर मारून आणतो. त्यानं आजवर मला चार वेळा फोन केलाय, "काका, गाडीत कोण तर बसलंय." चारही वेळा फोटो काढणारे निघाले. एकदा तर नवरा-नवरी, फोटोग्राफरसकट.

जीपीएसबद्दलही विचारतात. बसवा, पण स्वतःची बॅटरी असलेला घ्या. माझी जीप कधी पंधरा दिवस उभी असते, तेवढ्यात वायरनं जोडलेला ट्रॅकर जुनी बॅटरी चाटून पुसून रिकामी करतो. सिमचं रिचार्ज संपलं की तो नुसता डबा. जाड पत्र्याच्या पेटीत लपवाल तर सिग्नलही जाणार नाही.

कागदांचं थोडक्यात. थर्ड पार्टी विम्यात चोरीचा एक पैसाही मिळत नाही. जुन्या गाड्यांचे बहुतेक मालक तोच स्वस्तातला विमा काढतात, वर निर्धास्त असतात. पाच वर्षांवरच्या गाडीची विम्याची किंमत कंपनी आणि मालक यांनी मिळून ठरवायची असते. म्हणून गाडीवर केलेल्या खर्चाची बिलं नि फोटो ठेवा आणि भांडून ती किंमत योग्य लावून घ्या. गाडी गेलीच तर एफआयआर, दोन्ही किल्ल्या, आरसी बुक हे लागतं. शोध लागला नाही तर पोलिसांचा 'अ समरी', म्हणजे चोरी खरी पण तपास लागला नाही असा, अहवालही. आणि इथंच इंजिन-चासीची गोष्ट येते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नं मूळ बनावटीत बदल करायला बंदी आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच बजावलं. आरसीवर नसलेलं इंजिन बसवलं असेल तर चोरी झाल्यावर आपलीच गाडी आपली आहे हे सिद्ध करताना घाम फुटतो. माझ्या रुंद टायरबद्दलही कुणी विचारलं तर मी गप्पच बसतो. इंजिन आणि चासी नंबरांचे फोटो फोनमध्ये आहेत, आणि एका पत्र्याच्या आतल्या बाजूला माझी एक खूण कोरलेली आहे.

फियाटवाल्या पोराचा शेवटचा प्रश्न गड्ड्याचा, म्हणजे आमच्या सिद्धेश्वराच्या यात्रेचा, होता. संक्रांतीला होम मैदानाकडे गाडी न्यायची, नंदीध्वजांच्या गर्दीत लोकांनी बघावी, अशी त्याची हौस. मी म्हटलं, त्या गर्दीत चोराची भीती कमी, पाळण्यात बसून आलेल्या पोरांची जास्त. बॉनेटवर चढतील, आरसा मोडतील, आणि लावायला जागा मिळेल ती किल्ल्याच्या मागं कुठंतरी अंधारात. मी जातो तेव्हा जीप घरी असते, दोन्ही साखळ्या लावून. पार्क चौकापर्यंत रिक्षा आणि पुढं चालत. रोटर मात्र सवयीनं खिशातच असतो.