मागचं दार नसलेलं घर

वडगाव, बेळगाव. आषाढ, रविवारची रात्र.

आज संध्याकाळी, इंग्लंडमधल्या लीड्स शहरात शिकताना एका घरात राहिलेले आम्ही चौघं पुन्हा व्हिडिओ कॉलवर जमलो. पोलंडमधल्या क्राकोची, नायजेरियातल्या लागोसचा, धारवाडचा अण्णा आणि मी. बोलणं संपून बराच वेळ झाला, पण ते घर डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसलेय.

घर हाइड पार्क भागात होतं, विद्यापीठापासून चालत जाण्याइतकं जवळ. लाल विटांच्या घरांची एक लांब रांग आणि तिच्या पाठीला पाठ लावून तशीच दुसरी रांग. तिकडे अशा घरांना बॅक-टू-बॅक म्हणतात. डावीकडे शेजारी, उजवीकडे शेजारी आणि मागेही शेजारीच. दार एकच, रस्त्यावर उघडणारं, आणि खिडक्याही सगळ्या त्याच अंगाला. थोड्या जागेत जास्त कामगारांची कुटुंबं बसवायची म्हणून गिरण्यांच्या काळात ही पद्धत फोफावली. हवा खेळत नाही म्हणून १९०९ च्या कायद्याने अशी घरं बांधायला बंदी घातली; पण आधीच मंजूर झालेल्या नकाशांच्या जोरावर लीड्समध्ये ती १९३७ पर्यंत बांधली जात होती.

फोनवर मी आईला घराचं वर्णन केलं तेव्हा तिला पटेचना. आमच्या वडगावातलं घरसुद्धा दोन्ही बाजूंनी भिंतीला भिंत लागलेलं, पण सोपा, माजघर, स्वयंपाकघर ओलांडलं की मागे परसू आहे, विहीर आहे, धुण्याचा दगड आहे. “परसू नाही? मग धुणं कुठं वाळत घालतासा?” तिचा पहिला प्रश्न. रस्त्यावर, हेच खरं उत्तर होतं. ऊन पडलं की आम्ही समोरच्या घरापर्यंत दोरी बांधायचो आणि गाडी आली की दोघांनी धावत जाऊन ती काठीने उंच धरायची. समोरच्या घरातली मुलंही मदतीला येत.

स्वयंपाकघर तळघरात होतं. त्याची एकुलती खिडकी फुटपाथच्या पातळीला, त्यामुळे पोळ्या लाटताना दिसायचे ते फक्त लोकांचे पाय. काही दिवसांनी आम्ही माणसं बुटांवरून ओळखू लागलो. पोस्टमन, कोपऱ्यावरचा दुकानदार, आणि अण्णा परीक्षेचा पेपर देऊन येतोय तो सोपा गेला की अवघड, हेसुद्धा त्याच्या चालण्यावरून कळे. गॅसचं मीटर आधी पैसे भरायच्या जातीचं होतं आणि ते नेमकं भात अर्धा शिजल्यावर संपायचं. न्हाणीघरात गालिचा अंथरलेला होता, तो का, याचं उत्तर चौघांपैकी कुणालाच कधी सापडलं नाही. जिने इतके उभे की वरच्या माळ्यावर राहणारी क्राकोची उतरताना तोंड भिंतीकडे करून, शिडीवरून उतरावं तशी उतरे. लागोसचा चर्चमध्ये गायचा. जिन्यात आवाज छान घुमतो म्हणून तो सराव तिथंच, मधल्या पायरीवर बसून करायचा. वर जायचं असलं तर त्याला ओलांडून जावं लागे आणि तो गाणं न थांबवता पाय आखडून घेई.

अण्णा कन्नड, मी मराठी. आमच्याकडे या दोन भाषांवरून काय काय झालंय ते इथल्या माणसाला सांगायला नको. आई मात्र अण्णाला फोनवर “ऊट आतेन?”, जेवण झालं का, असं विचारल्याशिवाय माझ्याकडे फोन देऊ देत नसे. त्याने धारवाडहून आणलेली शेंगाचटणी आणि माझ्या घरून आलेला बेळगावचा दुधाचा गोड कुंदा, हा आमचा महिन्याभराचा खजिना असायचा.

पण त्या घराचं खरं सांगण्यासारखं आहे ते मागच्या भिंतीचं. त्या भिंतीपलीकडे कोण राहतं हे आम्हाला माहीत नव्हतं. भल्या पहाटे रेडिओ लागायचा, रात्री खोकल्याची उबळ, मधूनच केटलीची शिटी. वडगावात मी लहानपणापासून शेजारच्या विणकामाच्या मागाच्या आवाजात झोपलेली. तो खटखटाट भरदिवसा थांबला की आई हातातलं काम टाकून विचारायला जायची, बरं आहे नव्हं सगळं? त्यामुळे रेडिओचा मला कधी त्रास झाला नाही. उलट तो ऐकला की दिवस सुरू झाल्यासारखं वाटे.

२०१० चा डिसेंबर. ब्रिटनमध्ये गेल्या शंभर वर्षांतला सगळ्यात थंड डिसेंबर होता तो. रस्ते बर्फाने भरलेले, पावणेचारला अंधार. एके दिवशी सकाळी रेडिओ लागला नाही. संध्याकाळीही शांतता. मी जेवताना बोलून दाखवलं, तर कळलं की चौघांच्याही मनात दिवसभर तेच चाललं होतं.

शोधायला जायचं म्हणजे रांगेच्या टोकापर्यंत जाऊन वळसा घालून पलीकडच्या रस्त्यावर यायचं. तिथल्या रस्त्यांना एकाच नावाला ग्रोव्ह, माउंट, टेरेस, व्ह्यू अशी वेगवेगळी शेपटं जोडलेली. टोकापासून आमचं दार कितवं ते मोजलं, पलीकडे जाऊन तितकीच दारं मोजली आणि टॉर्चच्या उजेडात दार वाजवलं. बऱ्याच वेळाने एका आजींनी उघडलं. अंगावर दोन स्वेटर आणि शाल. रेडिओ बिघडला होता, बाकी त्या ठणठणीत होत्या. आम्ही कोण ते सांगितल्यावर म्हणाल्या, “म्हणजे जिन्यात गाणारा तुमच्याकडेच राहतो!” आमच्या कांदा परतण्याच्या वेळा त्यांना ठाऊक होत्या. मी रात्री आईशी फोनवर हसत बोलते हेही ठाऊक होतं.

त्या आठवड्यात क्राकोच्या घरी नाताळची आदली संध्याकाळ करतात तशी तिने आमच्याकडे केली. आकाशात पहिली चांदणी दिसल्यावर जेवायला बसायचं, मांसाचं काही नाही, बारा पदार्थ, आणि टेबलावर एक ताट जास्तीचं, अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी. बाराची भरती चौघांनी मिळून केली. तिचं बिटाचं सूप आणि पिएरोगी, म्हणजे सारण भरून उकडलेल्या करंज्या, लागोसच्याचा जोलोफ भात, अण्णाची चटणी, माझा कुंदा. जास्तीचं ताट आजींचं. बर्फातून वळसा घालून त्यांना आणायला दोघंजण गेले, एकाने हात धरायचा, दुसऱ्याने पुढचं बर्फ फावड्याने काढायचं. जेवताना कळलं की त्यांची सगळी उमर लीड्सच्या सूट शिवणाऱ्या कारखान्यात गेली. मी वडगावच्या मागांचं आणि शहापुरी साडीचं सांगितलं, तर त्यांनी माझ्या दुपट्ट्याचा काठ बोटांत धरून उलटून, शिवण कशी आहे ते पाहिलं.

पुढे भिंतीवर टकटक करायचा संकेत ठरला. दोनदा म्हणजे चहाला या. ती वर्षं फार सुखाची गेली. आम्ही तिघं निघाल्यावर अण्णा तिथं आणखी राहिला. आजी गेल्याचं त्यानेच कळवलं, तेव्हा आम्ही तिघं तीन देशांत होतो, अण्णा मात्र आजींच्या गावातच होता. शेवटपर्यंत त्यांचं किराणा सामान तोच आणून देत होता. त्याच्याबद्दल मला फार अभिमान वाटतो, आजही मी त्याला तसं सांगितलं.

आजच्या कॉलची बातमी अशी की क्राकोची गणपतीत येतेय. विमान गोव्याला, तिथून चोर्ल्याच्या घाटाने गाडी. अण्णा धारवाडहून येईल, त्याला कितीसं लांब आहे! लागोसच्याला सुट्टी नाही, पण जोलोफसाठी उकडा तांदूळ चालेल का म्हणून मी विचारलं तर त्याने लांब दाण्याचाच पाहिजे अशी ताकीद दिलीय आणि करताना फोन लावून ठेवायला सांगितलंय. उद्या शेजारच्या मामांना विचारायचंय, सणाच्या आठवड्यात माग चालू ठेवणार का. तिला दाखवायचाय.