धा खय गेलो?

गणपतीच्या आधीच्या पंधरवड्यात कुडाळात स्टुडिओ चालवणाऱ्याने झोपेचा आणि लाईटचा, दोन्हींचा भरवसा सोडायचा असतो. मुंबईतल्या प्रत्येक चाकरमान्यांच्या मंडळाला तेव्हाच आपल्या बाप्पाचं नवं गाणं हवं असतं. त्यातलंच हे एक. चाल भजनी बुवांची, पखवाज तात्यांचा, संगीत संयोजन मुंबईतल्या एका पोराचं. आवाज माझ्याकडे घ्यायचे आणि मिक्स करून पाठवायचं, एवढंच माझं काम.

पखवाजाची एक गोष्ट आधी सांगतो. तात्यांच्या हातचे सुटे बोल मी मागे रेकॉर्ड करून सॅम्पलरमध्ये, म्हणजे रेकॉर्ड केलेले आवाज कीबोर्डवर वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, लावून ठेवले होते. कीबोर्डच्या 48 नंबरच्या पट्टीवर 'धा', 50 वर 'ता', अशी ओळ. तीच बँक संयोजकालाही दिली होती, म्हणजे तात्या मुंबईला न जाताही तिथे वाजत होते.

गाणं बांधलं होतं काळी दोनमध्ये, म्हणजे पेटीच्या सप्तकातली दुसरी काळी पट्टी सा धरून. पावसाने बुवांचा घसा बसला, तेव्हा त्यांनी परस्पर मुंबईला फोन करून पट्टी काळी एक करायला सांगितली. सकाळी नवी फाइल आली. ती मी उघडतोय तोवर बुवा आणि तात्या भिजलेल्या छत्र्या ओसरीवर टेकवून आत आले.

"झिला, आजच्या आज होवक व्हया. सांजेक माका कणकवलीक बारी हा." बारी म्हणजे दोन बुवांचा भजनाचा सामना.

मी प्ले केलं. पेटी, बासरी, शहनाई ठीक. व्हायोलिनचा ताफा मात्र लांब गज ओढायचं सोडून टुणटुणत होता. आणि पखवाज? ठेका होता पण भलत्याच अंगाने. समेवर काहीच नाही, आणि जिथे हात हलका पडायचा तिथे धाडकन धा. तात्यांनी डोळे मिटून दोन आवर्तनं ऐकली.

"हात माझोच हा," ते म्हणाले, "पण धा खय गेलो?"

बुवांना वाटलं फाइल बिघडली. मला पहिल्या ओळीतच संशय आला होता, पण खात्रीसाठी सगळे 14 ट्रॅक एकाच मिडी एडिटरमध्ये, म्हणजे नोटा बघायच्या-बदलायच्या खिडकीत, उघडले. मी रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर वापरतो. त्यात कोणता ट्रॅक नुसता दिसावा आणि कोणता हाताखाली यावा हे वेगवेगळं ठरवता येतं. क्यूबेस, लॉजिकमध्येही अनेक ट्रॅकचे तुकडे निवडून एकत्र उघडता येतात; एबलटन लाइव्हमध्ये ही सोय 2018 च्या दहाव्या आवृत्तीत आली. एकेक ट्रॅक सुटा उघडला असता तर प्रत्येक निर्दोषच दिसला असता. एकावर एक रंग पडले तेव्हा कळलं, एकूणएक नोट दोन घरं खाली सरकली आहे. संयोजकाने 'सिलेक्ट ऑल' मारून दोन सेमीटोन उतरवले आणि फाइल पाठवून दिली होती.

मिडीत सूर नसतो, आकडा असतो. 0 ते 127. मधला सा, म्हणजे पांढरी एक, 60. काळी एक 61. काळी दोन 63. पेटीचा 63 चा 61 झाला तर पट्टी उतरते, हवं ते होतं. पण पखवाजाच्या ट्रॅकवर 48 म्हणजे सूर नव्हे, 'धा' म्हणजे काय ते 48. दोन उतरवले की 50 चा 'ता' जाऊन 48 च्या 'धा'वर बसतो, आणि मूळचा 'धा' 46 वर जातो, जिथे मी काहीच लावलेलं नाही. पाश्चात्त्य ड्रमचंही तेच. जनरल मिडीच्या नकाशात 38 वर स्नेअर आणि 36 वर बास ड्रम. दोन उतरवा, स्नेअरच्या जागी ढुम्म.

व्हायोलिनचा घोळ जरा आतला. अशा सॅम्पल लायब्ररीत अगदी खालच्या काही पट्ट्या वाजण्यासाठी नसतातच, त्या वादकाला हुकूम देतात. ह्या लायब्ररीत 26 वर लांब गज, 24 वर बोटाने छेड. 26 चा 24 झाला आणि व्हायोलिनचे चारही ट्रॅक एकदम छेडायला लागले.

दुरुस्ती सांगायला लागली त्याहून लवकर झाली. पखवाज, झांज, ढोलकी आणि ड्रम तेवढे हाताखाली ठेवले, बाकी कुलपात, आणि सगळं दोनने वर. मग व्हायोलिनच्या चार ट्रॅकवर 30 च्या खालच्या नोटा एकाच चौकटीत धरल्या, त्या दोनने वर. शहनाईच्या मींडेला हात लावला नाही. मींड पिच बेंड ह्या सूर ओढण्याच्या वेगळ्या हुकुमावर असते, आणि त्याचा आकडा 8192 ह्या मध्यापासून मोजतात. सूर कुठेही न्या, ओढ तेवढीच राहते.

परत प्ले केलं. धा समेवर आला. बुवांनी मान डोलावली आणि माइककडे निघाले. तात्या उठेनात.

"आता बरोबर हा. पण डोलना नाय."

खरं तर तिथे काम थांबवता आलं असतं. बुवांना घाई होती, मंडळाला फरक कळला नसता. पण ज्याचे बोल वापरतोय तोच माणूस समोर बसून सांगतोय म्हटल्यावर मी पखवाजापुढे माइक लावला. तात्यांनी ओली कणीक मळून डाव्या पुडीला लावली, गठ्ठे ठोकून सूर मिळवला आणि नुसत्या क्लिकवर, म्हणजे मेट्रोनोमच्या टिकटिकीवर, भजनी ठेका धरला. त्यांच्या ठोक्यांच्या जागांच्या मिडी नोटा करून मी सगळ्या ट्रॅकच्या खाली ठेवल्या, लाल रंगात.

मग दिसलं. संयोजकाने सगळं क्वांटाइझ केलेलं, झाडून प्रत्येक नोट रेघेवर. तात्यांची मात्रा रेघेवरच पडत होती, पण दोन मात्रांच्या मधला ठोका दर वेळी किंचित मागे. गाण्याचा टेम्पो मिनिटाला 120 मात्रांचा, म्हणजे एक मात्रा 500 मिलिसेकंदांची. रीपर एका मात्रेचे 960 भाग करतो, तेव्हा मधला ठोका 480 वर हवा. तात्यांचा 520 च्या आसपास. 40 भाग म्हणजे 21 मिलिसेकंद. चूक म्हणावी तर चुकणारा माणूस इतक्या इमानाने एकाच जागी चुकत नाही.

तात्यांनी चष्मा लावून स्क्रीनजवळ तोंड नेलं. "ह्यो लाल मी?"

"होय तात्यानु."

"मग बाकीचे कित्याक धावतत?"

आता मधल्या सगळ्या नोटा सगळ्या ट्रॅकवर धरून 40 ने मागे ढकलणं एका मिनिटाचं काम. ते केलं, आणि गाणं पेंगायला लागलं. पेटी पखवाजाच्या मागे जाता कामा नये. बुवांचा भाता पुढे असतो आणि ठेका त्याला धरून येतो, बारीत हे शंभरदा ऐकलेलं. म्हणून पेटी आणि बासरी परत रेघेवर. सॅम्पलरचा पखवाज, ढोलकी आणि बास पूर्ण 40 मागे. झांज 20 वर. व्हायोलिनही रेघेवर. ही वाटणी तात्या बोटाने सांगत होते, "तो हिरवो जरा फुडे घे", आणि मी माउस ओढत होतो. सगळे ट्रॅक एकत्र दिसतात म्हणून सगळ्यांना एकच काठी लावायची हा मोह मला तरी ह्या सॉफ्टवेअरचा सर्वांत मोठा दोष वाटतो.

शेवटी व्हेलॉसिटी, म्हणजे ठोक्याचा जोर. सगळे बोल 100 च्या जोराने ठोकलेले. मधले मी 70-75 वर आणले. तेवढ्यात लाईट गेली, इन्व्हर्टरने सांभाळलं, पंखा बंद करून बुवांनी घामाघूम होत दोन टेकमध्ये गाणं उरकलं आणि कणकवलीची गाडी गाठली.

रात्री मुंबईहून संयोजकाचा फोन. ठेक्याचं काय केलं, त्याला हवं होतं. मी आकडे सांगितले. तो खूश, म्हणाला, हे टेम्प्लेट करून सगळ्या भजनांना लावतो. तात्या अजून चहा पीत बसले होते आणि फोन स्पीकरवर होता.

"त्येका सांग," ते म्हणाले, "लय बदलली की ह्या सगळा बदलता. परत्येक गाण्याक माका बोलवूचा लागतला. आणि ह्या गाण्याचे पैशे आधी धाड म्हणा."

मंडळाच्या हिशेबात पखवाजवादकाचं मानधन धरलेलंच नव्हतं. सॅम्पल आहेत ना, असं त्यांचं म्हणणं. मी फायनल फाइल पाठवली ती तात्यांचे पैसे जमा झाल्याचा मेसेज आल्यावरच. माझे राहिले गणपतीनंतर.