एच.ए.एल., नागपूर, ३१-७-५३ : एका छोट्या डाकोटाच्या मागावर

आधी महत्त्वाचं. घरातली जुनी, नाव-तारीख कोरलेली भेटवस्तू घेऊन नागपुरात तिचा माग काढायला निघाला असाल, तर वस्तू घरीच ठेवा. बटर पेपर आणि मऊ पेन्सिल वापरून अक्षरांचा ठसा घ्या, बाजूने टॉर्चचा तिरपा उजेड टाकून फोटो काढा आणि तेवढंच घेऊन जा. वस्तू समोर ठेवली की अक्षरं कोणी वाचत नाही, सगळे वजनकाट्याकडे हात नेतात.

आमच्याकडे आजोबांचा एक अ‍ॅशट्रे आहे. गोल तबकडी, मधोमध दांड्यावर उडतं दोन इंजिनांचं डाकोटा विमान, काठावर इंग्रजीत ‘एच.ए.एल., नागपूर, ३१-७-५३’. तळाला बारीक सह्या कोरलेल्या आणि ‘ई.पी.एन.एस.’ असा शिक्का. आजोबा तेव्हा सोनेगाव विमानतळावर सामानाच्या चढउतारीवर होते, एवढंच घरात माहीत. पुण्यात जुन्या वस्तूंच्या एका जाणकाराने छातीठोकपणे सांगितलं, ‘हा युद्धकाळातला, बंगळूरच्या विमान कारखान्यातला.’ काठावर ५३ साल असताना युद्धकाळ कुठून आला? वालचंद हिराचंदांनी १९४० साली बंगळूरला काढलेला तो कारखाना, म्हणजे हिंदुस्तान एअरक्राफ्ट लिमिटेड, विमानं बांधायचा आणि दुरुस्त करायचा. नागपुरात पोती उचलणाऱ्या माणसाला त्याने निरोपाची भेट कशाला दिली असती? पण एच.ए.एल. म्हटलं की प्रत्येकाला तेवढंच सुचतं, आणि इंटरनेटवर शोधलं तरी तेच पुढे येतं.

विमानतळापासून सुरुवात करू नका. तिथे जुन्या काळाचं काही बघायला मिळत नाही, आणि तिकिटाशिवाय कोणी आत सोडत नाही. मेट्रोचं एअरपोर्ट स्टेशन वर्धा रोडवर आहे, टर्मिनल तिथून बरंच आत. त्या तुकड्याचे ऑटोवाल्याने दोनशे मागितले, ‘परत येताना रिकामं यावं लागते ना ताई’ म्हणून. हिवाळा असेल तर चालत जा. मी मे महिन्यात, पारा पंचेचाळिसाला टेकलेला असताना चालले आणि संध्याकाळपर्यंत डोकं धरून पडून होते. तिथल्याच एकाने ‘वायुसेना नगरला विचारा’ म्हणून शहराच्या पार दुसऱ्या टोकाला पिटाळलं. तिथे वायुदलाची मेंटेनन्स कमांड आहे. नागरी विमान कंपन्यांशी तिचा संबंध नाही. गेटवरच्या जवानाने पाणी दिलं, नीट समजावून सांगितलं आणि परत पाठवलं.

आता इतवारी. हा टप्पा मी अजून विसरलेले नाही. ‘सराफ्यात दाखवा, शिक्क्यावरून काळ कळेल,’ असा सल्ला मिळाला होता. एका दुकानात ट्रे हातात घेताच मालक म्हणाले, ‘अस्सल चांदी, ब्रिटिश काळातली, टंच काढावा लागेल.’ टंच म्हणजे चांदीच्या शुद्धतेची तपासणी. मी शिक्का दाखवला. ई.पी.एन.एस. म्हणजे तांबं, जस्त आणि निकेलच्या मिश्रधातूवर विजेने चढवलेला चांदीचा मुलामा. टंच काढण्यासारखं त्यात काही नसतं. मी हे सांगत असतानाच आतल्या कारागिराने तळाच्या कडेवर कानस फिरवली. विचारलं नाही, थांबला नाही. मुलामा गेला आणि खालचा पिवळट धातू उघडा पडला. वर लेटरहेडवर दोन ओळी खरडून ‘टेस्टिंग रिपोर्ट’चे बाराशे रुपये मागितले. भांडण झालं, गर्दी जमली, शेवटी तीनशे देऊन सुटले. ते तीनशेही हक्काचे नव्हते. पुढच्या दुकानात ‘बफ मारून देतो, चकाचक होईल’ म्हणाले. मुलाम्याच्या वस्तूला बफ कधीही लावू देऊ नका. चांदीचा थर इतका पातळ असतो की चकाकीबरोबर कोरलेल्या बारीक रेघाही झिजतात. पितांबरी आणि चिंचही नको. मऊ सुती फडकं पुरे. सराफ्यात जाऊच नका, हे माझं स्पष्ट मत.

कोडं सुटलं ते मामेबहिणीच्या शेजारी राहणाऱ्या, आरएमएसमधून, म्हणजे टपाल खात्याच्या रेल्वे मेल सर्व्हिसमधून, निवृत्त झालेल्या काकांच्या ओसरीवर. त्यांनी ठसा बघितला आणि क्षणात म्हणाले, ‘बंगलोरचं काय घेऊन बसल्या जी तुम्ही? हे हिमालयन एव्हिएशन लिमिटेड. रात्रीची डाक नेत जाय.’

मला उडी मारावीशी वाटली. जानेवारी १९४९ ते ऑक्टोबर १९७३ रोज रात्री दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून एकेक विमान नागपूरला यायचं. देशाच्या मध्यावरच्या या धावपट्टीवर मध्यरात्री चारही विमानांतली पोती अदलाबदल व्हायची आणि पहाटेपर्यंत विमानं आपापल्या शहरी परत. दळणवळण मंत्री रफी अहमद किडवाई यांच्या काळातली ही योजना. काका रुजू झाले तेव्हा सरकारी इंडियन एअरलाइन्सचा जमाना होता, पण जुनी माणसं कंपन्यांची आधीचीच नावं घ्यायची, त्यामुळे त्यांच्या कानावर ती होती.

ऐकीव माहितीवर थांबू नका. मी १९५३ चा एअर कॉर्पोरेशन्स कायदा काढून वाचला. सरकारने ताब्यात घेतलेल्या कंपन्यांची नावं त्यात आहेत आणि हिमालयन एव्हिएशन लिमिटेड त्यांत आहे. इंडियन एअरलाइन्सचा कारभार सुरू झाला १ ऑगस्ट १९५३ ला. म्हणजे ३१ जुलै हा कंपनीचा शेवटचा दिवस, आणि ट्रेवरच्या सह्या त्या रात्री एकमेकांचा निरोप घेणाऱ्यांच्या. पुढे १२ डिसेंबर १९५३ ला रात्रीच्या टपालाचं डाकोटा सोनेगावहून उडताच कोसळलं आणि वैमानिक सोडून विमानातले सगळे गेले. आजोबांनी त्याच हिवाळ्यात विमानतळाची नोकरी सोडली. कारण त्यांनी कधी सांगितलं नाही, आता मला ते विचारावंसंही वाटत नाही.

बाकीचे दिवस छान गेले, सावजीही झालं, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. तुम्ही जाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जा. जुन्या वर्तमानपत्रांच्या फायली बघायच्या असतील तर लेखी अर्ज, आधारची प्रत आणि नेमकी तारीख बरोबर ठेवा. ‘पन्नास-साठच्या दशकातलं काहीतरी’ असं म्हटलंत तर कपाट उघडत नाहीत. सगळ्यात आधी टपाल खात्यातली निवृत्त माणसं शोधा. विमानतळावर पोती उतरवणारे हात कंपनीचे असले, तरी ती वाटून घेणारे त्यांच्याच खात्याचे होते.

आणि विदर्भात कोणाच्या शोकेसमध्ये असंच दांड्यावरचं डाकोटा असेल, तर ते उलटं करून तळ बघा. माझ्याकडच्या सह्यांपैकी दोन वाचता येत नाहीत. त्याच रात्री दुसऱ्या कोणाला दिलेल्या ट्रेवर त्या ठळक उमटलेल्या असू शकतात.