माझा अनुभव: हरणाच्या शिकारीसाठी ६.५×५५ स्वीडिश

विस्कॉन्सिनच्या नोव्हेंबरमधल्या नऊ दिवसांच्या हंगामासाठी रायफल घ्यायची म्हटलं की दुकानात .३०८ किंवा ६.५ क्रीडमूर काडतुसाची रायफल पुढे येते. मी ६.५×५५ स्वीडिश काडतुसाची घेतली. १८९४ सालचं हे लष्करी काडतूस स्वीडन-नॉर्वेत आजही मूससारख्या अवाढव्य जनावरासाठी वापरतात, तेव्हा व्हाइटटेल हरणाला ते पुरतं का हा प्रश्नच नव्हता. १४० ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) लांबट गोळी खोल शिरते आणि खांद्याला धक्का .३०-०६ पेक्षा बराच कमी बसतो. खरा प्रश्न होता काडतुसं मिळण्याचा.

त्याआधी कायदा. १ जानेवारी १९७३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना विस्कॉन्सिनमध्ये शिकारीचं प्रशिक्षण पूर्ण करावं लागतं. एच-१बीवाल्या आपल्या मंडळींनी राज्याचा शिकार परवाना हातात आल्याशिवाय बंदुकीला हात लावू नये. केंद्रीय कायदा याबाबतीत कडक आहे. आणि राज्य बदललं की नियम बदलतात: ओहायोत हरणासाठी सरळ पुंगळीचंच (पुंगळी म्हणजे काडतुसाचं धातूचं कवच) काडतूस लागतं, बाटलीसारख्या मानेचं हे तिथे चालणार नाही.

रायफल निवडताना लांबी बघावी. हे काडतूस सुमारे ८० मिलिमीटरचं, त्यामुळे .३०८ च्या आखूड अ‍ॅक्शनमध्ये (काडतूस आत सरकवणाऱ्या यंत्रणेत) बसत नाही. जुनी स्वीडिश माउझर स्वस्तात मिळाली तर मोह होतो, पण तिच्या नळीचा घसा, म्हणजे आट्या सुरू होण्याआधीचा भाग, १५६ ग्रेनच्या बोथट गोळीसाठी लांब कापलेला असतो. १२० ग्रेनची आखूड गोळी आट्यांना (नळीतल्या पिळदार खाचांना) भिडण्याआधी बरीच मोकळी धावते; मग नेम विखुरला की दोष स्कोपला दिला जातो. शिवाय याच काडतुसाच्या जुन्या, नाजूक क्राग रायफली बाजारात असल्यामुळे अमेरिकी कारखाने हे काडतूस मुद्दाम सौम्य भरतात. युरोपीय काडतुसं जोरकस असतात. ती नव्या रायफलीतच वापरावीत, क्रागमध्ये कधीच नाही.

तीन प्रकारच्या काडतुसांची एकेक पेटी आणून, दर तीन बारांनंतर नळी गार होऊ देत १०० यार्डांवर तपासली. ज्या प्रकारच्या गोळ्या एकमेकींच्या सर्वांत जवळ लागल्या त्याच्या एकाच लॉटच्या (एकाच खेपेत बनलेल्या) पाच पेट्या, म्हणजे १०० काडतुसं, ऑगस्टमध्येच घेतली. हंगामाच्या तोंडावर मिळेल ती पेटी उचलली तर नेम पुन्हा लावावा लागतो. १०० यार्डांवर गोळी २ इंच वर ठेवली की २०० वर बरोबर लागते. ३०० वर सुमारे ८ इंच खाली जाते. तेल पुसलेल्या स्वच्छ नळीतला पहिला बार भलतीकडे जाऊ शकतो, म्हणून साफसफाईनंतर दोन बार काढूनच रानात जायचं.

वापरलेली पुंगळी मात्र एकही टाकायची नाही, ती पुन्हा भरता येते. .२६४ इंची गोळ्या क्रीडमूरच्याच असल्याने कुठेही मिळतात, अडतं ते पुंगळीपाशी. .३०-०६ ची पुंगळी आवळून वापरण्याची युक्ती कुणी सांगितली तर ऐकू नका: तिचं बूड .४७१ इंच, हिचं .४८०, त्यामुळे बुडाजवळ ती फुगते. पुन्हा भरताना शेलहोल्डरही (पुंगळीचं बूड धरणारा भाग) काही कंपन्यांचा .३०-०६ चा चालत नाही, वेगळा घ्यावा लागतो.