लग्नसराई, पंचेचाळीस अंश आणि १७ सेंटिमीटरचा मदरबोर्ड

आमच्या धंद्यात कॉम्प्युटरला खरं काम लागतं एप्रिल-मेमध्ये, आणि खान्देशात पारा ४४-४५ ला टेकतो तोही नेमका त्याच दिवसांत. मी अमळनेरला लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो, अल्बम बनवतो. गिऱ्हाईक धुळे, शिरपूर, चोपडा, कधी थेट नंदुरबारपर्यंत. अल्बमची पानं ठरवायला त्यांच्या घरी जावंच लागतं, कारण वराची आत्या आणि वधूचे मामा एका जागी बसल्याशिवाय फोटो फायनल होत नाहीत. टॉवर पीसी मोटारसायकलवर कोण नेणार? म्हणून पाठीवरच्या बॅगेत मावेल असा, सात लिटरच्या आतला छोटा पीसी जोडायचं ठरवलं.

मोठ्या कॅबिनेटमध्ये बोर्ड सगळ्यात शेवटी घेतला तरी निभावतं. काही कमी पडलं तर कार्ड खोचता येतं, पंखा वाढवता येतो. मिनी आयटीएक्समध्ये, म्हणजे छोट्या मापाच्या मदरबोर्डमध्ये, ती सोय नाही. व्हिया कंपनीने २००१ साली आणलेलं हे माप १७० बाय १७० मिलिमीटरचं. जादा कार्ड खोचायला एकच पीसीआयई स्लॉट, रॅमचे बहुधा दोनच स्लॉट, आणि मागच्या पट्टीवर जी पोर्टं दिसतात तेवढीच आयुष्यभर.

प्रोसेसर कॅमेऱ्याने ठरवला. माझ्याकडे येणारं बरंचसं फुटेज आता १० बिट ४:२:२ एचईव्हीसीमध्ये, म्हणजे रंगांची जास्त माहिती घट्ट दाबून ठेवणाऱ्या प्रकारात, असतं. इंटेलच्या १२व्या पिढीतलं बिल्ट-इन ग्राफिक्स ते हार्डवेअरवरच उलगडतं, त्यामुळे टाइमलाइन अडखळत नाही. एनव्हिडियाच्या कार्डांत ही सोय आली ती २०२५ मध्ये, ५० मालिकेपासून. म्हणजे वेगळं ग्राफिक्स कार्ड नको, आय५-१२५०० पुरे. त्यात यूएचडी ७७० आहे. आय५-१२४०० मधल्या ७३० मध्ये व्हिडिओ उलगडणारं इंजिन एकच, ७७० मध्ये दोन. नावामागे ‘एफ’ असलेला प्रोसेसर मात्र आमच्या कामाला बाद, त्यात ग्राफिक्सच नसतं. सॉकेट, म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा, एलजीए१७०० हे इथे नक्की झालं.

मग जळगावला गोलाणी मार्केटला गेलो. तिथे विचारलं तर काउंटरवरचा भाऊ हसला. ‘‘मिनी आयटीएक्स? आपल्याकडे घेतं कोण भो ते? मायक्रो घेऊन टाक, पैसेबी वाचतील.’’ त्याचं खोटं नव्हतं. त्याच चिपसेटचा (बोर्डावरच्या जोडण्या सांभाळणारी चिप), पण मायक्रो एटीएक्स या मोठ्या मापाचा बोर्ड स्वस्त पडतो, वर रॅमचे चार स्लॉटही मिळू शकतात. पण तो २४४ मिलिमीटरपर्यंत जातो, आणि मग बॅगेचा विषय संपला.

घरी येऊन एका जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड पुठ्ठ्याचा १७ बाय १७ सेंटिमीटरचा चौकोन कापला. कंपनीच्या साइटवरून बोर्डांचे वरून काढलेले फोटो त्याच मापात छापले आणि एकेक करून त्यावर ठेवून पाहिले. २४ पिनचं कनेक्टर कुठल्या कडेला, प्रोसेसरला वीज देणारं आठ पिनचं कुठे, रॅमची दांडी पंख्याला घासते का, हे असं डोळ्यांनी दिसलं. केसमध्ये पॉवर सप्लाय बोर्डाच्या डोक्यावरच येत होता, हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) आणि पंखा मिळून उंची उरत होती ४७ मिलिमीटर. एका बोर्डाचं आठ पिनचं कनेक्टर अशा कोपऱ्यात होतं की केबल पंख्यावरून आडवी गेली असती. तो तिथेच बाद. बायको म्हणाली, ‘‘पत्रिकेवर पीसी काढताय, आता मुहूर्तबी काढा.’’

चिपसेट एच६१० की बी६६०, यावर जास्त वेळ गेला. एच६१० स्वस्त. त्यात चिपसेटकडून येणारी पीसीआयई ३.० च, आणि प्रोसेसरला थेट जोडलेला एम डॉट टू स्लॉट (पट्टीसारखी एसएसडी बसते तो) मिळत नाही. एडिटिंगला ३.० चा वेग पुरतो, तेवढ्यासाठी मी पैसे मोजले नसते. अडलं दुसरीकडेच. मी पाहिलेल्या स्वस्त एच६१० बोर्डांवर एम डॉट टू एकच होता, आणि प्रोसेसरच्या बाजूच्या व्हीआरएमवर हीटसिंकच नव्हता. व्हीआरएम म्हणजे पॉवर सप्लायचे १२ व्होल्ट उतरवून प्रोसेसरला देणारे छोटे काळे चौकोन. आय५-१२५०० चा नेहमीचा खप ६५ वॅट असला तरी जोर लावला की तो ११७ वॅटपर्यंत जातो. पुण्यात एसीच्या खोलीत उघडे चौकोन चालून जातील. आमच्या पत्र्याच्या वरच्या मजल्यावर मेमध्ये दुपारी तीन वाजता दोन तासांचं रेंडर (तयार व्हिडिओ बाहेर काढणं) लावायचं असेल, तर त्यावर धातूचा ठोकळा हवाच.

एम डॉट टूचंही उन्हाशीच नातं. आयटीएक्समध्ये दुसरा स्लॉट बऱ्याचदा बोर्डाच्या पाठीमागे असतो, जिथे वारा जवळजवळ पोचत नाही. म्हणून हिशेब असा केला: विंडोज आणि चालू प्रोजेक्ट पुढच्या, हीटसिंकवाल्या स्लॉटमध्ये, जुनी लग्नं मागच्या स्लॉटमध्ये साध्या जेन ३ (पीसीआयई ३.०) एसएसडीवर. तिला रोज काम नाही, त्यामुळे तापण्याचाही फारसा प्रश्न नाही.

पोर्टं मोजताना टेबलावरच्या वस्तू खरंच समोर मांडल्या. कार्ड रीडर, माऊस, कीबोर्ड, पेन टॅबलेट, सॉफ्टवेअरचं डोंगल, गिऱ्हाईकाची हार्ड डिस्क. पाठीमागे चार यूएसबी असलेले बोर्ड इथेच गळाले. केसच्या पुढच्या टाइप-सीसाठी बोर्डावर त्याचं वेगळं हेडर (केबल खोचायची जागा) लागतं, तेही तपासलं. एचडीएमआयची आवृत्तीही बघायचीच. काही स्वस्त बोर्डांवर १.४ असते, त्यावर फोरके टीव्ही ३० हर्ट्झलाच चालतो आणि माऊस मागे रेंगाळतो. लोकांच्या हॉलमधल्या टीव्हीवर अल्बम दाखवणाऱ्याला हे परवडत नाही.

एलजीए१७०० ला डीडीआर४ आणि डीडीआर५ या दोन्ही प्रकारच्या रॅमचे बोर्ड येतात. माझ्याकडे १६-१६ जीबीच्या दोन डीडीआर४ होत्या, त्यामुळे तिथे डोकं लावलं नाही. जुना पंखा मात्र बसणार नव्हता: आधीच्या एलजीए१२०० ची भोकं ७५ मिलिमीटरवर, १७०० ची ७८ वर. ३७ मिलिमीटर उंचीचा नवा आडवा पंखा घेतला.

अखेर बी६६० चा, डीडीआर४ चा, वायफायवाला बोर्ड ऑनलाइन मागवला. जीएसटीचं बिल स्वतःच्या नावाने आहे ना, खोक्यावरचा सीरियल नंबर त्याच्याशी जुळतो ना, हे कुरिअरवाला दारात असतानाच बघितलं. इथून वॉरंटीसाठी बोर्ड पाठवायचा म्हणजे कागद पक्का लागतो.

जोडणीत सांगण्यासारखं फार नाही. फक्त समोरच्या बटणांच्या बारीक वायरी पॉवर सप्लाय बसवण्याआधी लावायच्या, नंतर त्यात बोट जात नाही. बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, मात्र वेळ दिला. अनेक बोर्ड प्रोसेसरला वीज खाण्याची मोकळीक देऊन ठेवतात. मी कायमची मर्यादा ६५ वॅट आणि थोड्या वेळापुरती ९० वॅट ठेवली. रेंडरला थोडा उशीर होतो, पण १०० अंशाला जाऊन प्रोसेसरने स्वतःच वेग कापण्यापेक्षा हे बरं. खोलीतल्या कुलरची ओली हवा थेट केसवर येणार नाही अशी जागाही बदलली.

पहिल्यांदा शिरपूरला नेला तेव्हा गिऱ्हाईकाच्या आजीने हात लावून विचारलं, ‘‘हाई डबी शे का कॉम्प्युटर?’’ तिचा नातू लगेच मागे लागला, मलाही असाच जोडून द्या. त्याचा पीसी घरच्या टेबलावरून हलणार नाही, गेम खेळायला मोठं कार्डही हवंय. त्याला मायक्रो एटीएक्सच घे म्हणून सांगितलं, आणि गोलाणीतल्या त्याच दुकानाचा पत्ता दिला.